कोरियनचा सराव आणि कॉलेजातला कोरियन डबा: बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर इथून कॉलेजला येणारी मुलंमुली हे प्रश्न सतत पाठवतात. काही भाषेबद्दल असतात, काही डब्याबद्दल. मी दोन्ही एकत्रच ठेवलेत, कारण आमच्या कट्ट्यावर दोन्ही एकाच वेळी चालतं: डबा उघडला की तोंड उघडतं. एक गोष्ट एकदाच समजावली आहे, पुढे तिचा फक्त क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात कुठून करू? आधी लिपी की आधी बोलणं?

आधी लिपी. हांगुल ही कोरियन लिपी राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. चिनी अक्षरं शिकणं सामान्य माणसाला झेपत नव्हतं म्हणून ती घडवली गेली. सोपी असावी हाच तिचा हेतू होता, आणि तो साधला आहे. मूळ अक्षरं २४: १४ व्यंजनं, १० स्वर. जोडव्यंजनं आणि जोडस्वर धरले तर ४०. व्यंजनाला स्वर जोडून एक अक्षर होतं हे आपल्याला बाराखडीमुळे अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे हांगुलचे चौकोन बघून आपण बिचकत नाही. नवीन एवढंच की चौकोनात खाली आणखी एक व्यंजन बसू शकतं. त्याला बाचिम म्हणतात. तिथे लिहिली जाणारी अक्षरं बरीच असली तरी सुटे उच्चार सातच आहेत.

रोज तासभर दिलात तर आठवडा-दोन आठवड्यांत पाकिटावरचं वाचता येतं. बोलणं मात्र पहिल्या दिवशीच सुरू करा. लिपी पूर्ण होण्याची वाट बघणारे बरेचदा लिपीवरच थांबतात.

२. देवनागरीत लिहून पाठ केलं तर चालेल ना?

पहिले चार दिवस चालेल. त्यानंतर वही बंद करा. कोरियनमधला एक स्वर आपल्या 'अ' आणि 'ऑ' यांच्या मध्ये कुठेतरी आहे. दुसरा 'उ'सारखा, पण ओठ गोल न करता, दोन्ही बाजूंना ताणून काढायचा. देवनागरीत दोन्हींना अक्षर नाही. व्यंजनांचा घोळ तर वेगळाच (प्रश्न ३). या पानावरही मी कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, ते नुसते ओळखीपुरते. उच्चार कानाने घ्या.

३. 'क', 'ख' आणि तो तिसरा आवाज. मला तिन्ही सारखेच ऐकू येतात. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोरियनमध्ये क, त, प, च या प्रत्येक जागी तीन-तीन आवाज आहेत: साधा, हवेचा आणि आवळलेला. हवेचा आपल्याला येतोच. ख, थ, फ, छ म्हणताना जशी हवा बाहेर पडते तसाच तो. इथे मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांना जन्मजात फायदा आहे. आवळलेला म्हणजे 'पक्का' मधल्या 'क्क'ची सुरुवात: घसा घट्ट, हवा शून्य. अडतं ते साध्यावर. तो शब्दाच्या सुरुवातीला 'क'सारखा, थोडी हवा सोडून येतो आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की 'ग' होतो. 'कोगी' म्हणजे मांस. लिहिताना दोन्ही ठिकाणी अक्षर एकच, उच्चार मात्र पहिला 'क'कडे झुकणारा आणि दुसरा 'ग'. म्हणून एकच गाव कोणी 'बुसान' लिहितं, कोणी 'पुसान'.

सरावासाठी हे तीन शब्द घ्या: चंद्र, मुखवटा, मुलगी. देवनागरीत जेमतेम लिहायचे तर ताल, थाल, त्ताल. तोंडासमोर कागदाचा पातळ तुकडा धरा. 'थाल'ला तो जोरात हलला पाहिजे, 'ताल'ला थोडा, 'त्ताल'ला अजिबात नाही. सोलच्या बोलीत आणखी एक खूण आहे: वाक्याच्या सुरुवातीला साध्या आवाजाचा सूर खाली असतो, बाकी दोघांचा वर. हवा पकडता येत नसेल तर सूर पकडा. बऱ्याच जणांचा कान तिथूनच उघडतो.

४. व्याकरण अवघड आहे का?

आपल्याला इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी सोपं आहे. क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतो. 'मी शाळेत जातो' हे 'चॉनन हाक्क्योए कायो' असं त्याच क्रमाने बसतं. वर लिंग, वचन, पुरुष यांनुसार क्रियापद बदलत नाही. गेलो, गेली, गेले, गेल्या या सगळ्यांना एकच 'कास्सॉयो'.

वेळ लागतो दोन ठिकाणी. एक, 'अन/नन' आणि 'ई/गा' या प्रत्ययांतला फरक: पहिला 'अमक्याबद्दल सांगायचं तर' असं सुचवतो, दुसरा 'करणारा हाच' असं. नियम पाठ करून हे येत नाही, शेकडो वाक्यं ऐकूनच येतं. दोन, मान देण्याच्या पायऱ्या, आणि त्यांच्यावर वेगळा प्रश्न आहेच.

५. मित्रांशी बोलताना शेवटी 'यो' लावायचं का? आणि 'ओप्पा' कोणी कोणाला म्हणायचं?

शंका असेल तिथे 'यो' लावा. 'यो' लावलेलं बोलणं सभ्य, रोजचं आणि कुठेही चालणारं. 'यो' काढलं की ते बानमाल, म्हणजे अरे-तुरेचं बोलणं. ते समवयस्क जवळच्या मित्राशी किंवा लहानाशी, आणि तेही आधी विचारून. मुलाखतीत, भाषणात, बातम्यांत 'सम्निदा' हा शेवट ऐकू येतो.

तिथे 'मित्र' हा शब्द बहुधा समवयस्कालाच लावतात, वर्ष-दोन वर्षांनी मोठा असेल तर नातं लावून हाक मारतात. म्हणून ओळख झाली की वय विचारतात. त्यात आगाऊपणा नाही. जून २०२३ पासून दक्षिण कोरियात कायद्याने वय आपल्यासारखंच वाढदिवसापासून मोजतात, तरी जन्मसाल विचारायची सवय कायम आहे.

हाका अशा: मुलगी मोठ्या मुलीला ऑन्नी म्हणते, मोठ्या मुलाला ओप्पा. मुलगा मोठ्या मुलाला ह्यंग म्हणतो, मोठ्या मुलीला नूना. म्हणजे ताई-दादाच, फक्त बोलणारा मुलगा की मुलगी यावर शब्द बदलतो. मुलाने कोणाला ओप्पा म्हणू नये. आणि मुलींनो, अनोळखी कोरियन माणसाला ओप्पा म्हणू नका, ती जवळिकीची हाक आहे. कॉलेजात वरच्या वर्षाच्या कोणालाही 'सॉन्बे' म्हटलं की पुरतं.

आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी सगळ्यांना 'यो'च लावायचं असं ठरलेलं आहे. घट्ट मैत्रिणींनाही. आधी सभ्य बोलणं जिभेवर बसलं की अरे-तुरे नंतर सहज येतं; उलट केलं की मोठ्यांसमोर जीभ घसरते.

६. बेळगावात कोरियन माणूस भेटणार कुठे? सराव कोणाशी करू?

एकमेकांशी. चार जण जमवा, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, जागा ठरलेली: कॅन्टीन, लायब्ररीमागची पायरी, काहीही. विषय छोटा आणि समोर दिसणारा घ्या. आज डब्यात काय आहे, बस किती उशिरा आली, कोणत्या सरांचा तास आहे. मोठ्या विषयांवर बोलायला शब्द नसतात, आणि मग अर्धा तास शांततेत जातो.

एकट्याने करायचा सराव तितकाच लागतो. एखादं छोटं ध्वनिमुद्रण लावायचं आणि बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागून त्याच चालीत बोलत जायचं. रोज दहा मिनिटं. मग स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करून मूळच्या शेजारी ऐकायचा. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, पण उच्चार याच्याने जितका सुधारतो तितका कशानेच नाही. एकमेकांना व्हॉइस मेसेज पाठवा, टाइप करू नका.

'चुकलं तर?' असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं एकच: तुम्ही घरी मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्रजी आणि बाजारात हिंदी बोलता, आणि या चारही भाषा तुम्ही चुकत-चुकतच शिकलात. ही पाचवीही तशीच येईल.

७. आमच्या गटात निम्मी मुलं कन्नड आहेत. शिकवायचं कुठल्या भाषेत?

दोन्ही भाषांत. कन्नडमध्येही क्रियापद शेवटी आणि प्रत्यय मागून, त्यामुळे मराठीत दिलेलं उदाहरण कन्नडमध्ये जसंच्या तसं उतरतं. प्रत्यय एकापुढे एक चिकटवत जायची सवय कन्नड मुलांना आपल्याहून जास्त असते, आणि लांब कोरियन क्रियापदं ती लवकर सोडवतात. वडिलांना कोरियनमध्ये 'आप्पा' म्हणतात हे कळल्यावर सगळ्यांनाच गंमत वाटते. पण एवढ्यावरून कोरियन आणि कन्नड बहिणी आहेत असं भाषाशास्त्रात सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तसं कोणाला ठासून सांगू नका.

एक मनापासून सांगते. आपल्या भागात भाषा म्हटलं की घराघरात लगेच आवाज चढतात. या कट्ट्यावर मात्र सगळे एकाच पायरीवर असतात. कोरियन कोणाच्याच घरची नाही. शेजारी बसलेल्याला त्याच्या भाषेत एक नियम समजावून सांगणं मला फार मोलाचं वाटतं, आणि गट फक्त मराठी किंवा फक्त कन्नड करू नका असा माझा आग्रह आहे.

८. के-ड्रामा बघून भाषा येते का?

कान तयार होतो, बोलणं येत नाही. एकाच दृश्याचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे घेऊन प्रश्न ६ मधल्या पद्धतीने म्हणत गेलात तर उपयोग आहे. मालिकांत भांडणं आणि प्रेम दोन्ही बानमालमध्ये चालतं, त्यामुळे वाक्य उचलण्याआधी शेवट तपासा. राजेरजवाड्यांच्या मालिकांतलं बोलणं आज कोणी बोलत नाही.

९. ऑनलाइन एक कोरियन मित्र झाला आहे. त्याने भेट पाठवली, पण ती कस्टममध्ये अडकली आहे म्हणतो. पैसे भरू का?

नाही. एक रुपयाही नाही. ही फसवणुकीची जुनी, ठरलेली रीत आहे: ओळख, गोड बोलणं, महागडी भेट, आणि मग 'अधिकाऱ्याचा' फोन. संवाद लगेच थांबवा, मेसेज पुसू नका, पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. भाषा-मैत्रीची ॲप वाईट नाहीत, पण पहिले काही महिने पत्ता, कॉलेजचं नाव आणि फोटो देऊ नका. घरी सांगायची भीती वाटत असेल तर निदान एका मैत्रिणीला सांगून ठेवा.

१०. आकडे दोन प्रकारचे का? कधी कुठले वापरायचे?

एक संच मूळचा कोरियन (हाना, दुल, सेत), दुसरा चिनीवरून आलेला (इल, ई, साम). मूळ कोरियन ९९ पर्यंतच जातो. वस्तू मोजायला, वय सांगायला आणि घड्याळातल्या तासांना तो. मिनिटं, तारीख, पैसे, फोन नंबर यांना चिनी. म्हणून साडेतीनला 'से शी साम-शिप बुन': तास एका संचातला, मिनिटं दुसऱ्यातली.

मोठ्या रकमा ते दहा हजारांच्या टप्प्याने मोजतात. दहा हजार म्हणजे 'मान'. आपला लाख हा दहा मान, कोटी हा हजार मान. हे एकदा डोक्यात बसलं की किमती ऐकताना दचकायला होत नाही.

११. टोपिक परीक्षा काय आहे? द्यावी का?

कोरियन भाषेची ही अधिकृत परीक्षा १९९७ पासून होते. तिचे दोन भाग. टोपिक १ मध्ये पातळी १ आणि २: ऐकण्याचे ३० आणि वाचण्याचे ४० प्रश्न, एकूण गुण २००. ८० मिळाले की पहिली पातळी, १४० ला दुसरी. टोपिक २ मध्ये पातळी ३ ते ६, लेखनही असतं, गुण ३००. तिथे १२०, १५०, १९० आणि २३० या चार पायऱ्या. निकाल दोन वर्षं ग्राह्य. जेवढे गुण, तेवढी पातळी.

टोपिक १ साठी मुद्दाम प्रवास करून बाहेरगावी जाण्याची घाई करू नका, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून घरी सोडवा. शिष्यवृत्ती किंवा नोकरी डोळ्यांसमोर असेल तर सरळ टोपिक २ ची तयारी करा. केंद्रांची यादी दर वेळी अधिकृत संकेतस्थळावर बघूनच तिकीट काढा.

१२. क्लास लावावा का? याचा पुढे नोकरीला उपयोग होतो का?

किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन धडे मोफत आहेत आणि चांगले आहेत. त्यावर सहा महिने नेटाने काढल्याशिवाय पैसे भरून क्लास लावू नये असं माझं मत आहे. पदवीच घ्यायची असेल तर दिल्लीच्या जेएनयूत कोरियन शिकवतात. कोरियन सरकारच्या जीकेएस शिष्यवृत्तीत पदवीआधी एक वर्ष भाषा शिकवतात, आणि त्यात टोपिकची तिसरी पातळी गाठावी लागते.

नोकरीचं म्हणाल, तर कोरियन कंपन्या आपल्यापासून फार लांब नाहीत: रांजणगावला एलजी, तळेगावला आणि चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला ह्युंदाई, आंध्रच्या श्री सत्य साई जिल्ह्यात किया. पण दुभाष्याचं काम वरच्या पातळीचं आहे. इंजिनिअरिंग, कॉमर्स, लॉ असं आपलं मूळ शिक्षण पक्कं ठेवून भाषा जोडीला घ्या.

१३. पहिल्यांदा डब्यात काय न्यावं?

किमबाप. किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, नाही. किमचीचा वास आणि आंबटपणा पहिल्या घासाला सगळ्यांना मानवत नाही, आणि एकदा नाक मुरडलं की पुढचं कोणी चाखत नाही. किमबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात, ज्याला किम म्हणतात, भात आणि भाज्यांची गुंडाळी. एक चकती, एक घास. चमचा लागत नाही, रस्सा सांडत नाही, उष्ट्याचा प्रश्न येत नाही (त्याबद्दल प्रश्न २२).

आत गाजर, पालक, काकडी हे वेगवेगळं परतून किंवा मीठ लावून पिळून घाला. अंडं चालत असेल तर ऑम्लेटची पट्टी. पिवळा मुळा, म्हणजे तान्मुजी, घरीच करा: मुळ्याच्या लांब पट्ट्या, व्हिनेगर, पाणी, साखर, मीठ आणि चिमूटभर हळद. रात्री भिजवलेला सकाळी तयार.

१४. किमबापला कुठला तांदूळ घेऊ? बासमती चिकटत नाही.

इंद्रायणी घ्या. तो मऊ आणि चिकटसर शिजतो. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, म्हणजे गिचका होत नाही. भात कोमट असताना मीठ आणि भाजलेल्या तिळाचं तेल कालवा. व्हिनेगर घालू नका. ते जपानी सुशीला. आपल्या दुकानातलं साधं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो खमंग वास नाही. कोरियन तेल मिळालं नाही तर तीळ खरपूस भाजून, कुटून साध्या तेलात घाला. गुंडाळी सुरीला तेल लावून कापा आणि त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये भात दगड होतो.

१५. गोचुगारू मिळत नाही किंवा परवडत नाही. आपली मिरची चालेल का?

चालते, आणि छान चालते. गोचुगारू म्हणजे कोरियन लाल मिरचीची जाडसर पूड. तिचं काम लाल रंग, किंचित गोडसर चव आणि बेताचा तिखटपणा. हे सगळं ब्याडगी मिरचीत आहे. ही मिरची हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या नावाने ओळखली जाते, तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती आपल्या बाजारात कुठेही मिळते.

देठ आणि बिया काढा. कढईत मंद आचेवर नुसत्या गरम करा, रंग काळपट होता कामा नये. मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. बारीक पूड नको. रव्याहून थोडे मोठे, चपटे कण राहायला हवेत. पूड बारीक झाली की किमचीचा लगदा होतो आणि रंग विटकरी दिसतो. तिखट हवं असणाऱ्यांनी चार-पाच ब्याडग्यांमागे एक संकेश्वरी टाकावी, त्यापेक्षा जास्त नाही. घरातली मसाल्याची चटणी मात्र घालू नका. त्यात धने, खोबरं, गरम मसाला असतो. चव पूर्ण बदलते.

१६. बेळगावच्या हवेत किमची कशी करायची?

लांबट चिनी कोबी मिळाला तर उत्तम, नाही तर साधा गड्डा कोबी. कोरियातही साध्या कोबीची किमची करतात.

एक किलो कोबीचे दोन बोटं रुंद तुकडे करा. पन्नास ग्रॅम जाडं मीठ चोळून दीड-दोन तास ठेवा, मध्ये दोनदा खालीवर करा. जाड तुकडा वाकवून बघा: मोडला तर अजून वेळ, न मोडता वाकला तर झालं. दोन पाण्यांत धुवा, चाळणीत अर्धा तास निथळू द्या. तोवर वाटीभर पाण्यात चमचाभर तांदळाचं पीठ शिजवून पेज करा आणि गार करा. पेजेत चार-पाच मोठे चमचे मिरची (प्रश्न १५), आठ पाकळ्या लसूण आणि बोटभर आलं वाटून, चमचाभर साखर. मूळ कृतीत मासळीचा खारट रस किंवा खारवलेली कोळंबी असते. शाकाहारी करायची तर दोन चमचे सोया सॉस. मुळ्याच्या काड्या आणि कांद्याची पात घालून सगळं कोबीला हाताने चोळा. हातमोजे घाला, नाही तर रात्रभर हात भगभगतात.

काचेच्या बरणीत दाबून भरा, वर चार बोटं जागा ठेवा. कोबी रसाखाली राहिला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये बाहेर एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन, डिसेंबरच्या थंडीत तीनही लागतात. रोज एकदा झाकण उघडून स्वच्छ चमच्याने दाबा; बुडबुडे आले की आंबायला लागली. मग फ्रिजमध्ये.

कोरियात थंडीआधी शेजारीपाजारी मिळून वर्षाची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. दक्षिण कोरियातल्या या रीतीला युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चौघींनी मिळून केली तर पाच किलोंचं काम एका दुपारीत होतं, आणि त्या दुपारी होणारा भाषेचा सराव वहीत होत नाही: 'मीठ दे', 'अजून', 'पुरे', 'तिखट आहे'.

१७. किमची आंबट झाली. टाकून द्यायची का?

नाही. आंबट होणारच, जास्त आंबट झाली की परतून भात करा किंवा टोफू घालून रस्सा करा. त्याला जुनी किमचीच लागते. वर लोकरीसारखी रंगीत बुरशी आली, कोबी बुळबुळीत झाला किंवा आंबटाऐवजी कुजका वास आला तर मात्र अख्खी बरणी टाका. वरचा थर काढून खाऊ नका.

१८. तॉकबोक्कीची पाकिटं महाग पडतात. घरी होते का?

तॉकबोक्की म्हणजे तिखट रस्स्यातल्या तांदळाच्या वळ्या. होते, आणि मोदकाची उकड काढता येणाऱ्या घरात तर लगेच होते. वाटीभर तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर, वाटीभर उकळतं पाणी, मीठ, थोडं तेल. उकड गरम असतानाच भरपूर मळा; मळण्यात कसूर केली की रस्स्यात फुटते. बोटाएवढ्या जाड वळ्या करून पंधरा मिनिटं वाफवा आणि लगेच गार पाण्यात टाका. रस्सा गोचुजांगचा: दोन चमचे गोचुजांग, सोया सॉस, साखर, पाणी. मुळात याला सुक्या मासळीचं पाणी वापरतात, आपण कांदा आणि मुळा उकळलेलं पाणी घेऊ शकतो. गोचुजांगला मात्र घरगुती पर्याय शोधू नका. ते मिरची, तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनचं असतं, त्याची चव दुसऱ्या कशाला नाही. एक डबी फ्रिजमध्ये अनेक महिने टिकते. चौघांत वर्गणी काढा.

१९. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे शाकाहारी मैत्रिणीला बिनधास्त देऊ?

हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तर हो. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. आपल्याकडे अंडं असलेल्यालाही हीच खूण. खरी अडचण येते नातेवाईक परदेशातून आणतात त्या पाकिटांची, कारण त्यांवर भारतीय खूणच नसते. चित्रात नुसत्या भाज्या दिसल्या तरी मसाल्याच्या पुडीत मांसाचा अर्क असू शकतो.

इथे हांगुल कामाला येते. हे शब्द वाचायला शिका: सोगोगी किंवा स्वेगोगी म्हणजे गोमांस, त्वेजीगोगी डुकराचं मांस, ताक्कोगी कोंबडी, म्यॉलची ही छोटी मासळी, सेउ कोळंबी, केरान अंडं, उयु दूध. वाचता आलं नाही तर पाकीट वाटू नका. 'काही होत नाही, खा' असं तर कधीच म्हणू नका. कोणाचा नेम आपल्या हातून मोडला तर ती मैत्री परत तशी राहत नाही. कोळंबी, शेंगदाणे, तीळ, सोया यांची कोणाला ॲलर्जी आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

२०. जैन मैत्रिणीसाठी काही करता येईल का?

कोरियातल्या बौद्ध मठांचा स्वयंपाक शाकाहारी असतो आणि त्यात कांदा-लसूण नसतो. त्यामुळे 'मठाचं जेवण चालेल' असा सल्ला लगेच मिळतो. पण तिथे मुळा, आलं, बटाटा सर्रास वापरतात, आणि आपल्या जैन मित्रमैत्रिणी कंदमुळं खात नाहीत. शिवाय शाकाहारी किमची केली तरी ती आंबवलेली असते. कडक पाळणाऱ्या घरांत आदल्या दिवशीचंही चालत नाही, मग तीन दिवसांची बरणी कशी चालणार?

उपाय आहे. किमचीचाच एक ताजा प्रकार, कॉत्जॉरी, कालवून लगेच खातात. काकडीचे काप, मीठ, ब्याडगीची जाड पूड, साखर, व्हिनेगर, भाजलेले तीळ, लसूण-आलं वगळून. व्हिनेगर नको म्हणाली तर लिंबू. सकाळी केलेली दुपारच्या सुट्टीत संपते. चातुर्मासात नियम आणखी बदलतात, म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा तिलाच विचारा, आणि शक्य असेल तर तिच्याच घरी, तिच्या आईच्या भांड्यांत करा.

२१. हलाल पाळणारे मित्र आणि उपवासाचे दिवस: तेव्हा काय?

हलालसाठी मांसाखेरीज दोन गोष्टी तपासा: जिलेटिन, आणि अल्कोहोल. गोचुजांग आणि सोया सॉसच्या काही बरण्यांत टिकण्यासाठी थोडं अल्कोहोल घातलेलं असतं. घटकांची यादी वाचा किंवा हलाल शिक्का असलेलीच घ्या.

उपवासाला भात नाही, मग किमबाप नाही. पण भाजलेलं रताळं, कुन्-गोगुमा, हा कोरियातला थंडीतला रस्त्यावरचा लाडका खाऊ आहे, आणि रताळी आपल्याच भागात पिकतात. निखाऱ्यावर किंवा कढईत झाकून भाजा. एकादशीला कट्टा बंद ठेवायची गरज नाही.

२२. कोरियन लोक एकाच भांड्यातून खातात. आमच्या घरी उष्टं चालत नाही. मग शेअर कसं करायचं?

रस्सा मध्ये ठेवून सगळ्यांनी आपापला चमचा घालायचा ही तिथली घरगुती रीत आहे खरी. पण प्रत्येकासमोर छोटी ताटली ठेवून त्यात वाढून घेणं हेही तिथे रूढ आहे. तिला 'आप्चॉप्शी' म्हणतात, हॉटेलात मागितली की देतात. म्हणजे उष्टं न करता खाल्लं तर तुम्ही कोरियन पद्धत मोडत नाही. डब्यासोबत एक वेगळा वाढायचा चमचा आणि चार वाट्या न्या. शाकाहारी आणि मांसाहारी डब्यांचे चमचे वेगळे ठेवा. हे कोणाला सांगावं लागू नये.

२३. जेवताना काय पाळायचं?

मोठ्यांनी चमचा उचलल्यावर आपण सुरू करायचं. देताघेताना दोन्ही हात, किंवा उजव्या हाताला डावा लावून. भात चमच्याने खायचा, वाटी हातात उचलायची नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. त्यावरून मृतांसाठीचे विधी आठवतात. जेवणाआधी 'चाल मॉक्केस्सम्निदा', नंतर 'चाल मॉगॉस्सम्निदा'. आणि भेटल्यावर 'पाप मॉगॉस्सॉयो?', म्हणजे जेवलात का. कन्नड शेजारी 'ऊट आयता?' विचारतात तेव्हा आपण जसं हसून 'आयतु' म्हणतो, तसंच उत्तर द्यायचं. खरोखर जेवण मागायचं नसतं.

२४. हॉस्टेलवर राहते. किमचीच्या वासाची तक्रार होते. काय करू?

रूममेटना आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर कॉत्जॉरी करा (प्रश्न २०, हवं तर लसूण घालून), तिला साठवायचा प्रश्नच येत नाही. हो म्हणाल्या तर रबरी कडेची काचेची छोटी बरणी, ती स्टीलच्या डब्यात, आणि डबा फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात. प्लास्टिकला वास आणि लाल रंग कायमचा धरतो. हॉस्टेलच्या नियमात इंडक्शन बसत नसेल तर चोरून लावू नका. किमबाप आणि कॉत्जॉरी या दोन्हींना खोलीत आच लागत नाही, भात मेसमधून मिळतो. गावाहून भरलेली बरणी बसने आणत असाल तर ती पाऊणच भरा, आणि पोचल्यावर बेसिनवर धरून झाकण हळूहळू उघडा.